काळ्या गाडीला हळद

हा प्रवास ठरला कंपनीच्या कॅन्टीनमध्ये, आणि ठरवला तो मी नव्हे. वाळूजच्या ज्या कारखान्यात मी पंपांचे सुटे भाग तपासतो, तिथेच विष्णू लेथवर ते भाग बनवतो. त्याने बनवायचे आणि मी नापास करायचे, असा आमचा जुना ऋणानुबंध. एका दुपारी तो ताट घेऊन माझ्यासमोर बसला आणि म्हणाला, "सर, एक मागू का?"

"रजा सोडून काहीही माग."

"गाडी पायजे. परण्याला."

बीडकडे नवरदेव लग्नाआधी वाजतगाजत मारुतीच्या पाया पडायला जातो. त्या मिरवणुकीला परण्या म्हणतात. पूर्वी त्यासाठी घोडी असायची, आता कुणी उघडी जीप आणतं, कुणी ट्रॅक्टर सजवतं. विष्णूला माझी क्रूझर मोटरसायकल हवी होती. मी म्हटलं, गाडी माझ्याशिवाय कंपनीच्या गेटबाहेरसुद्धा जात नाही. तो म्हणाला, "मंग तुमी बी या की. त्यासाठीच तर इचारलं."

एवढ्यावर विषय संपला असता, पण तो भाताशी खेळत बसला. मग म्हणाला, "चुलता दोन गोष्टीला न्हाई म्हणतोय. एक, काळी गाडी. दुसरं, आईनं हळद लावायची. मी लहान असतानाच वडील गेले ना. विधवा बाईनं नवरदेवाला हळद लावायची न्हाई म्हणतो."

"आणि आई काय म्हणते?"

"आई चुलत्याच्या बी वरताण. सवताच म्हणती, माजा हात नको. पण मला त्याच गाडीवर बसून आन् तिच्याच हातची हळद लावून निघायचंय."

पहिली गोष्ट माझ्या हातात होती. दुसरी माझ्या खात्यातली नव्हती. लोकांच्या घरातल्या भानगडीत मी पडत नाही, चाळीशी ओलांडेपर्यंत एवढी एकच अक्कल मला आली आहे. मी होकार दिला तो फक्त गाडीपुरता.

आता गाडीबद्दल, कारण तुमच्यातले निम्मे लोक त्यासाठीच हे वाचताहेत. नाव लिहीत नाही, मला कुणी जाहिरातीचे पैसे देत नाही. लांबलचक, बुटकी, व्ही आकारात दोन सिलिंडर असलेली, वजनाने अडीचशे किलोच्या आसपास. आणि संपूर्ण काळी. म्हणजे टाकी काळी आणि बाकी सगळं चकचकीत, असं नाही. इंजिन काळं, चाकं काळी, आरसे काळे, हेडलाइटची कडा काळी, उजव्या बाजूने निघणारे दोन्ही सायलेन्सरसुद्धा काळे. रंगाला चकाकी नाही, तव्यासारखा कोरडा आहे. शोरूममध्ये ती मला आवडली ती यासाठीच, की तिच्यात नटवेपणा नावालाही नाही. आमच्या सोसायटीतले लोक मात्र तिला रेडा म्हणतात. मी ते मनावर घेत नाही.

विष्णूला मी आधी कंपनीच्या पार्किंगमध्ये चालवून पाहायला दिली. पहिल्यांदा त्याने ती उभी केली तेव्हा त्याच्या तोंडून "आयाया!" निघालं. पण पोरगा हुशार. बसायची जागा खाली असल्याने दोन्ही पाय जमिनीवर टेकतात, आणि एकदा चाकं फिरायला लागली की वजन कुठे जातं कळत नाही. दोन-तीन दिवसांत त्याला वळवता यायला लागली.

लग्न ऐन उन्हाळ्यात होतं. ऊसतोडीला गेलेल्या टोळ्या गावी परततात आणि मगच तिकडे लग्नांचा धडाका सुरू होतो, त्यामुळे उन्हाला इलाज नाही. मी आदल्या दिवशी पहाटे निघालो. तुम्हीही उन्हाळ्यात जाणार असाल तर पहाटेच निघा. अकराच्या पुढे काळ्या टाकीवर हात ठेवता येत नाही. संभाजीनगरहून सोलापूरकडे जाणारा महामार्ग चौपदरी आहे, आणि अशा रस्त्यावर ही गाडी म्हणजे सुखाचं आगर. पाचव्या गिअरमध्ये नव्वदला इंजिन नुसतं गुरगुरत असतं. पाय पुढे, हात सैल, पाठ मात्र स्वतःची स्वतः सांभाळायची. पाचोड मागे पडलं, शहागडला गोदावरीचा पूल आला. पात्रात पाणी एका कडेला जाऊन बसलं होतं.

गेवराईला चहाला थांबलो. रस्त्याकडेला वाळूचे टिपर एकामागे एक उभे होते आणि त्यांचे ड्रायव्हर एकमेकांकडे न बघता तंबाखू मळत होते. मी गाडी लावून हेल्मेट काढेपर्यंत हॉटेलवाल्याने धावत येऊन एक बाकडं फडक्याने पुसलं, दुसऱ्या बाकड्यावरच्या दोघांना उठवलं आणि मला हळूच विचारलं, "साह्यब किती मागं हायत?"

"कोणते साहेब?"

"आता काळी गाडी पुढं आली म्हंजी मागून ताफा आसंलच की."

मी म्हटलं, मी एकटाच आहे आणि एकच चहा हवा आहे. त्याचा चेहरा पडला. उठवलेले दोघे परत येऊन बसले आणि त्यातल्या एकाने तो सनातन प्रश्न विचारला, "किती देती?" बावीस-तेवीस देते, असं मी खरं ते सांगितलं. त्याने माझ्याकडे दयेने पाहिलं आणि म्हणाला, "माजी साठ देती." चहा झकास होता.

बीडला वळसा घालून मांजरसुंब्याच्या घाटाला लागलो. घाट काही फार अवघड नाही, पण या गाडीची परीक्षा घ्यायला पुरेसा आहे. ओझ्याने रांगणारे ट्रक ओलांडताना गिअर खाली आणावा लागत नाही, नुसती मूठ पिळली की ती खालूनच जोर लावून निघते. वळणावर मात्र घाई करू नका. फूटरेस्ट लगेच रस्त्याला घासतं आणि खर्र आवाज येतो. पहिल्यांदा तो ऐकला तेव्हा मी गाडी कडेला घेऊन खाली वाकून पाहिलं होतं, आता सवय झाली. थोडक्यात, सरळ जाणाऱ्या माणसासाठी बनवलेली गाडी आहे.

मांजरसुंब्याला ढाब्यांची रांगच आहे. जिथे ट्रक जास्त उभे होते तिथे थांबलो. शेवभाजी, ज्वारीची भाकरी, कांदा आणि डोळ्यांतून पाणी काढणारा ठेचा, सगळं दीडशेच्या आत. शेजारच्या बाजेवर पहुडलेल्या ट्रक ड्रायव्हरने गाडीकडे बघून विचारलं, "मालक, ह्यात इंजन कुठंशी हाय?" मी बोट दाखवलं. तो उठून बसला, डोळे बारीक केले आणि म्हणाला, "सगळंच काळं, दिसावं तरी काय! गाडी सावलीत घ्या, न्हाईतर तुमच्या टाकीवर चपाती भाजंल." सल्ला योग्य होता. मी गाडी लिंबाखाली घेतली.

इथून महामार्ग सोडून पूर्वेला केजकडे वळायचं. अंबाजोगाईपर्यंत रस्ता बरा आहे, पण गावोगावचे स्पीडब्रेकर मनमानी आहेत, आणि गाडीचं पोट जमिनीच्या जवळ असल्याने प्रत्येक ब्रेकर तिरका घ्यावा लागतो. सरळ घेतलात तर खालून असा आवाज येतो की पारावरचे म्हातारेसुद्धा चुकचुकतात. भर दुपारी मी अंबाजोगाईला लॉजमध्ये तास-दोन तास पंख्याखाली पडून राहिलो. बाहेर रस्ते ओस होते.

उन्हं कलल्यावर घाटनांदूरच्या बाजूने धर्मापुरीला पोचलो. जुन्या देवळासाठी वाट वाकडी करावी असं ठिकाण आहे. आतल्यापेक्षा बाहेरच्या भिंती जास्त वेळ बघा. दगडातल्या बायका एवढ्या सहज उभ्या आहेत की आपणच अवघडल्यासारखे होतो. तिथे माझ्याखेरीज कुणीही नव्हतं. बाटलीतलं कोमट पाणी पिऊन मी निघालो, कारण विष्णूचे तीन फोन येऊन गेले होते.

त्याचं गाव तिथून जवळच आहे. दारात मांडव घातला होता. लग्न नवऱ्याच्या दारातच होतं, नवरीकडचे लोक सकाळी येणार होते. मी पोचलो तेव्हा हळद चालली होती. विष्णू पाटावर पिवळाधमक होऊन बसला होता आणि भोवती बायकांचा गराडा होता. सगळ्यात पुढे त्याची थोरली चुलती, गयाबाई. भरदार बाई, आवाज मांडवाच्या दुसऱ्या टोकापर्यंत जाणारा. पाच लेकरं, घरभर नातवंडं, नवरा धडधाकट. त्यामुळे गावात नवा ट्रॅक्टर येवो की नवी विहीर लागो, पहिलं कुंकू गयाबाईच्या हातचं, असा शिरस्ता होता.

विष्णूची आई त्या गराड्यात नव्हती. ती मागच्या दाराशी चुलीवर होती. तिचं नाव अनसाबाई. सडपातळ, हातांवर ऊसतोडीचे जुने वळ, डोक्यावरचा पदर ढळू न देणारी. तिनेच मला चहा आणून दिला. "सर, लांबून आलात. पोरगा लई नाव काढतो तुमचं," म्हणाली. हळदीची गाणी चालू होती, आणि ती चुलीपाशी उभी राहून तीच गाणी ओठांतल्या ओठांत म्हणत होती. गाताना तिचं लक्ष सगळं पाटाकडे होतं.

मग चुलता, म्हणजे गयाबाईचा नवरा, आला. अण्णा. पिळदार मिशा, पांढरंशुभ्र धोतर. विष्णूचा बाप गेल्यावर पोराला शिकवलं ते यांनीच, हे मला विष्णूने सांगितलं होतं, म्हणून मी माणसाला वाईट समजायचं नाही असं ठरवूनच गेलो होतो. अण्णांनी गाडीला एक पूर्ण प्रदक्षिणा घातली, खाली वाकून पाहिलं, आणि विष्णूकडे वळून म्हणाले, "रेड्यावर बसून कोण लग्नाला जातं बे? ते यमाचं वाहन हाय."

सगळे हसले. विष्णू हसला नाही. "अण्णा, मी ह्याच गाडीवर जाणार."

"ते सकाळी बगू," म्हणून अण्णांनी विषय तोडला. दुसऱ्या विषयाला तर कुणी तोंडच फोडलं नाही. मी पोटभर जेवलो आणि शेजारच्या शाळेच्या व्हरांड्यात जाऊन पडलो.

सकाळी तोडगा निघाला होता, आणि तो कुणाच्या डोक्यातून आला असेल हे विचारायची गरज नव्हती. गयाबाईने फर्मान काढलं होतं, "काळं नको ना? मंग काळं दिसू देऊच नका." पोळ्याला बैलाच्या पाठीवर घालतात ती आरशांची, गोंड्यांची लाल झूल घरात होती. ती आणून चौघांनी माझ्या गाडीवर टाकली. मी बोंबललोच. इंजिन हवेवर थंड होतं, ते झाकलं तर तापेल, आणि सायलेन्सरला कापड टेकलं तर मांडवासकट पेटेल. बरीच हुज्जत झाल्यावर झूल उजवीकडून काढून डावीकडे ओढली. मागच्या सीटवरून ती डाव्या बाजूला थेट जमिनीपर्यंत लोंबत होती. त्यावर माझं समाधान झालं.

मग पाच सवाष्णी आल्या आणि गाडीची पूजा सुरू झाली. टाकीवर हळदीची बोटं, त्यावर कुंकू, हेडलाइटवर स्वस्तिक, आरशांवर पंजे. गयाबाईने तर जिथे काळं दिसेल तिथे हात मारला. हा कोरडा रंग साधं बोट लागलं तरी खूण धरून ठेवतो, ही गोष्ट मी गिळून टाकली. अण्णा कमरेवर हात ठेवून बघत होते. शेवटी म्हणाले, "हां. आता काळी म्हणता यायची न्हाई."

विष्णू बाहेर आला. डोक्याला फेटा, कपाळाला मुंडावळ्या, गुडघ्याखाली जाणारी जाड शेरवानी. मित्रांनी त्याला धरून गाडीवर बसवलं. बँडवाल्यांनी तोंडाला पिपाण्या लावल्या. आणि तो हँडलवरचे हात मांडीवर ठेवून शांतपणे म्हणाला, "अण्णा, गाडीचं काळं गेलं ना?"

"गेलं की."

"पाच बायकांच्या हळदीनं गेलं. मंग माज्या आईचं कावून जाईना?"

बँडवाल्यांनी पिपाण्या खाली घेतल्या. अण्णांचा चेहरा लाल झाला. "ते येगळं, हे येगळं. ऐन येळंला वाद घालू नको, बे."

"मी न्हाई निघत."

मागच्या दारातून अनसाबाई म्हणाली, "निघ बाळा. हट करू नको. माजा हात नगं तुला, चांगल्या दिवशी." तिचा आवाज अजिबात कापत नव्हता, आणि तेच ऐकवत नव्हतं. तिच्यावर नुसती अण्णांची बंदी होती असं नव्हतं. तिला खरोखर वाटत होतं की आपला हात लागला तर पोराचं वाईट होईल.

गयाबाई ताट घेऊन तिच्याकडे गेली. "अनसे, पोराला न्हाई तर न्हाई. गाडीला तरी लाव. लोखंडाला काय व्हतंय?"

अनसाबाईने आधी हात पदराला पुसले. मग पुढे आली, गर्दीने वाट दिली. तिने एकच बोट हळदीत बुडवलं, टाकीच्या खालच्या कडेला टेकवलं आणि चटकन हात पदराखाली घेतला. विष्णूच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा हसू आलं. त्याने बटण दाबलं, इंजिन धडधडलं, बँड सुरू झाला. त्याने क्लच दाबून गिअर टाकला, आणि गाडी बंद पडली.

बँड पुन्हा थांबला. कुणीतरी "अगं बाई" म्हणालं. अनसाबाईने तो हळदीचा हात दुसऱ्या हातात घट्ट धरला, भाजल्यासारखा. अण्णा हळू म्हणाले, "म्हणलं नव्हतं का मी." त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. ते स्वतःच घाबरले होते. अनसाबाई वळली आणि चुलीकडे चालायला लागली.

मला कारण माहीत होतं. या गाडीचं साइड स्टँड खाली असताना इंजिन सुरू होतं, पण गिअर टाकला की बंद होतं. स्टँड विसरून निघालेला माणूस पडू नये म्हणून ती बनवलीच तशी आहे. पार्किंगमध्ये विष्णू न चुकता स्टँड वर घ्यायचा. आज पायात शेरवानी, आणि स्टँड झुलीखाली गडप. ती झूल डावीकडे ओढायला लावणारा मीच. मी पुढे होऊन म्हणालो, "स्टँड लागलंय. स्टँडवर गिअर टाकला की ही बंदच पडते."

शेजारचे एक म्हातारबाबा माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "ऱ्हाऊ द्या सर. तुमी चांगलं मानूस हाय." म्हणजे मी समजूत घालतोय असंच सगळ्यांना वाटलं. मला राग आला. दिवसभर मी पोलादाला पास-नापास करतो, पण एका बाईला चुकीच्या कारणाने नापास करताहेत हे बघून माझं डोकं फिरलं. मी ओरडलोच, "अहो, कुणाच्याही हाताने बंद पडेल!"

गयाबाई गर्रकन वळली. "काय म्हणलं सर? कुनाच्या बी?"

"कुणाच्याही."

"माज्या बी?"

"तुमच्याही."

तिने पंजा हळदीत बुडवला आणि टाकीवर थाडकन मारला. "हां. टाक रे गिअर!" विष्णूने गाडी सुरू केली, गिअर टाकला. बंद. "पुन्ना टाक!" पुन्हा बंद. गयाबाई कमरेवर हात ठेवून नवऱ्यासमोर उभी राहिली. "आता बोला. माजा दादला तर हितं जित्ता हुबा हाय, मिशीला पीळ देत. मंग माज्या हातानं कशी बंद पडली?"

आधी कुणीतरी फिस्सकन हसलं, मग सगळा मांडव हसला. अण्णा हसले नाहीत. ते माझ्याकडे आले. "कुठंशी हाय ते स्टँड?" मी दाखवलं. त्यांनी धोतर सावरलं, वाकून झूल उचलली, विष्णूला म्हणाले, "गाडी नीट धर," आणि स्वतःच्या पायाने स्टँड वर सारलं. मग सरळ होऊन, कुणाकडेही न बघता म्हणाले, "अनसे, ये."

ती आली. पण टाकीपाशी येऊन थांबली आणि तिने माझ्याकडे पाहिलं. "सर, नक्की ना?"

हजारो भागांवर मी सही केली असेल, पण तेव्हा उत्तर देण्याआधी मी झूल उचलून स्टँड पुन्हा एकदा पाहिलं. "नक्की," म्हटलं. तिने या वेळी चार बोटं लावली. विष्णूने बटण दाबलं, गिअर टाकला, क्लच सोडला. गाडी वीतभर पुढे सरकली आणि ब्रेकवर धडधडत उभी राहिली. इंजिन चालूच होतं. अनसाबाईने थोडा वेळ ते ऐकलं. मग तिने दोन्ही हात ताटात बुडवले आणि लेकाच्या दोन्ही गालांना लावले. लावले आणि तिथेच ठेवले, काढेनाच. "माजं बाळ," एवढंच म्हणत होती. मला रडू आलं. प्रवासवर्णनात हे लिहायचं की नाही यावर मी पुष्कळ विचार केला, पण आलं ते आलं.

परण्याबद्दल एक व्यावहारिक सूचना. अशा गाडीवर मिरवणूक काढायचा बेत असेल तर फेरविचार करा. बँडच्या मागे मुंगीच्या पावलांनी जाताना इंजिनाला हवा मिळत नाही, आणि उजव्या मांडीला आच लागते. अर्ध्या वाटेत मी विष्णूला इंजिन बंद करायला लावलं आणि पुढचा रस्ता त्याच्या मित्रांनी गाडी ढकलली. दर थोड्या अंतरावर ते मला शिव्या घालत होते. मारुतीच्या देवळापाशी अण्णांनी पहिला नारळ गाडीपुढे फोडला आणि करवंटीचा एक तुकडा माझ्या डोक्याला लागला.

अक्षता पडल्या, बुंदी-वरण-भात जेवलो, थोडा लवंडलो आणि चारनंतर निघालो. निघताना अनसाबाईने डब्यात धपाटी दिली. मुक्काम बीडला केला, दुसऱ्या दिवशी सकाळीच घरी. पेट्रोल, लॉज आणि खाणं धरून चार-साडेचार हजारांत प्रवास झाला. रस्ता नव्वद टक्के चांगला, ढाबे उत्तम, ऊन भयंकर. गाडी सरळ रस्त्यावर दहापैकी नऊ, मिरवणुकीत दोन.

घरी आम्ही दोघंच असतो, मी आणि आई. आई शाळेत विज्ञान शिकवायची, आता निवृत्त आहे. बाबांना जाऊन बरीच वर्षं झाली. धपाटी खाता खाता मी तिला सगळं सांगितलं. गयाबाईचं वाक्य ऐकून ती मनापासून हसेल असं वाटलं होतं. ती थोडीशी हसली आणि म्हणाली, "आणि मग लावली तिने पोराला हळद?"

"लावली की."

आईने ताटं उचलली. स्वयंपाकघरातून पाण्याचा आवाज येत राहिला. दुसऱ्या दिवशी सकाळी चहाचा कप माझ्यापुढे ठेवून तिने अगदी सहज विचारल्यासारखं विचारलं, "त्या मुलाचा फोन आला का रे? बरा आहे ना तो?"

तीस वर्षं हिने मुलांना विज्ञान शिकवलं. मी विष्णूचा नंबर लावला. फोन त्याच्या आईने उचलला, तो अंघोळीला गेला होता. मी फोन आईच्या हातात दिला.

"मी सरांची आई बोलतेय," ती म्हणाली. "तुमचा मुलगा बरा आहे ना?" पलीकडून अनसाबाई बोलत होती, मला नुसता आवाज येत होता, शब्द कळत नव्हते. आई बराच वेळ हं, हं करत राहिली. आमच्या ताईच्या मुलीचं लग्न पुढच्या महिन्यात आहे. हळदीच्या दिवशी मी आपली मागे बसेन, तुम्ही करा सगळं, असं आईने ताईला आधीच सांगून टाकलं होतं, आणि आम्हीही सगळ्यांनी बरं म्हटलं होतं.

आईने फोन एका कानावरून दुसऱ्या कानावर घेतला आणि माझ्याकडे पाठ केली.

"मलाही नातीला लावायचीय हो," ती म्हणाली.